देवघरापाशी ठेवलेलं अंडं

रजई उन्हात टाकली की तापलेल्या कापसाच्या वासाबरोबर जयपूरची ती हिवाळी दुपार येते. मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या माझ्या वडिलांनी प्रयोगासाठी कवचाला खिडकी पाडलेलं, आत पिल्लू वाढत असलेलं कोंबडीचं अंडं, ऊब देणाऱ्या बल्बच्या खोक्यात घालून घरी आणलं आणि घरातला एकुलता एक प्लग देवघरापाशी, म्हणून तिथेच मांडलं. सोवळ्यातली आई दारातच थबकली. "अहो, हे घराबाहेर जाईल, नाहीतर मी." "आधी बघ तरी." तिने लांबूनच डोकावलं. बलकावर तांबडे धागे पसरत होते, मधोमध एक ठिपका धडधडत होता. "यांना वाट कोण दाखवतं?" आईने हळूच विचारलं. "उपाशी पेशी काहीतरी सोडतात, तिकडे या रक्तवाहिन्या फुटत जातात. काय सोडतात, ते अजून कळलेलं नाही." "म्हणजे भुकेलं हाक मारतं," आई म्हणाली. तेवढ्यात वीज गेली. गारठ्यात ठिपका मंदावू लागला, वडील नुसतेच खोक्याभोवती घिरट्या घालू लागले. आईने सोवळं मोडून आपली नवी रजई खोक्यावर पांघरली आणि वीज येईपर्यंत तिथेच बसून राहिली. ठिपका पुन्हा धडधडू लागल्यावरच ती दुसऱ्यांदा आंघोळीला उठली. त्या हाकेची शास्त्रीय नावं पुढे मी वाचली, पण रजईत शिरलं की ऐकू येते ती ओल्या केसांनी नैवेद्य दाखवणारी आई: "देवा, आज उशीर झाला. घरात तान्हं आहे."