वजन उतरवून बघणारा माणूस

भित्रेपणाची परीक्षा असती तर काटेवाले तिच्यात पहिले आले असते, आणि भीतीपोटी निकाल बघायला गेले नसते. घराला कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघायचे, जिना उतरायचे, पुन्हा चढायचे आणि चौथ्यांदा ओढायचे. रस्ता ओलांडायच्या आधी, गाड्या एकाच बाजूने येणाऱ्या रस्त्यावरही, ते दोन्हीकडे बघायचे. बायको म्हणायची, "यांना देवाने दोनच डोळे दिले हे बरं झालं, नाहीतर आमचा सगळा जन्म फुटपाथवर गेला असता."

धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. बाजाराच्या मागच्या गल्लीत दुकान, एक माणूस आणि एक काटा मावेल एवढं. आत एक लाकडी पेटी असायची, तिच्यात फडक्यात गुंडाळलेली पितळी वजनं. दुसऱ्यांचे काटे तपासायची ती वजनं, म्हणून त्यांना कुणी उघड्या हाताने शिवायचं नाही. ज्यांच्याकडे ते काम शिकले त्या उस्तादांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. "वजन ठेवल्यावर लबाड काटासुद्धा खरं बोलतो. वजन उतरव आणि तो शून्यावर येतो का बघ. आणि हलक्या वजनावर भुलू नको, पुऱ्या वजनावर बघ." काटेवाल्यांनी तीस वर्षांत एकही काटा असं केल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात दिला नव्हता.

अशा माणसाची एकुलती एक लेक विमान चालवायला निघाली. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणायचे. लेखी परीक्षा तिने पहिल्याच फटक्यात काढल्या. मग विमानतळाच्या पलीकडच्या शाळेत उडायला सुरुवात झाली. परवाना मिळायला दोनशे तास उडावं लागतं, आणि एकेका तासाला एवढे पैसे लागायचे की काटेवाल्यांना ते तास मनगटावरच्या घड्याळातले वाटेनासे झाले. वर लेखी परीक्षांना मुदत होती. मुदतीत तास पूर्ण झाले नाहीत तर सगळं पहिल्यापासून.

ती पहिल्यांदा एकटी उडाली त्या दिवशी काटेवाले दुकानात स्टुलावर बसून राहिले. संध्याकाळी ते लेकीला म्हणाले, "खाली उतरलीस की मला कळव. दुसरं काही लिहू नको. नुसतं शून्य लिही."

"शून्य कशाला?"

"म्हणजे मला कळेल, वजन उतरलं."

तेव्हापासून प्रत्येक उड्डाणानंतर त्यांच्या फोनवर एक शून्य यायचं. ते आलं की मग ते पाणी प्यायचे.

नव्वद तास झाले आणि साठवलेल्या पैशांतला तिसरा हिस्साच उरला. उरलेल्या तासांना त्याच्या दुपटीहून जास्त लागणार होते. नेमका तेव्हाच त्यांचा मेव्हणा घरी आला. मेव्हणा मनाने चांगला, पण जिभेला लगाम नाही. एका मोठ्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक कंपनी होती, तिचे गोडवे गायला तो आला होता. वर्षात पैसे दुप्पट, शिवाय दर महिन्याला काही रक्कम हातात.

"भाऊजी, मी स्वतः घातलेत. दर महिन्याच्या पाच तारखेला येतात, एक दिवस इकडे तिकडे नाही," तो म्हणाला. "तुमची पोरगी आकाशात आणि तुम्ही असे जमिनीला चिकटून. कधीतरी हात सोडा की."

काटेवाल्यांनी लगेच हात सोडला नाही. आधी थोडे पैसे घातले. दोन महिने पाच तारखेला रक्कम आली. तिसऱ्या महिन्यात त्यांनी मूळ पैसे परत मागितले, तेही चहा यायच्या आत मिळाले. काटा शून्यावर आला होता. बायको म्हणाली, "आता तरी विश्वास ठेवा. तिची मुदत काय तुमच्यासाठी थांबणार आहे?" त्या आठवड्यात लेक जेवताना वहीत उरलेले तास लिहीत होती. ते बघून काटेवाल्यांनी ठरवलं.

कंपनीला रोख हवी होती. सगळी रक्कम बँकेतून काढली तेव्हा ती न्यायची कशात, हा प्रश्न आला. पिशवी कुणीही हिसकावेल. मग त्यांनी वजनांची लाकडी पेटी रिकामी केली आणि तिच्यात नोटा ठेवल्या. ती पेटी कुणी चोरणार नाही, सगळ्या बाजाराला माहीत होतं की आत लोखंडासारखं जड काहीतरी असतं. पण त्यांनी पेटी उचलली. तीस वर्षं जी पेटी उचलताना खांदा खाली यायचा, ती आज हाताला लागतच नव्हती. सगळ्या रस्त्याने ते ती जड असल्यासारखी वाकून चालले.

दुसऱ्या मजल्यावर मोठा हॉल, खुर्च्यांच्या रांगा, नवीन आलेले पन्नास-साठ लोक. सगळे कंपनीच्या साहेबांचं भाषण सुरू व्हायची वाट बघत होते. काउंटरवरच्या मुलीने पैसे मशीनमध्ये मोजले, पावती दिली आणि अभिनंदन केलं. मेव्हण्याने पाठीवर थाप मारली. दोघे जिना उतरू लागले.

पहिल्या मजल्याच्या वळणावर काटेवाले थांबले. त्यांनी कठडा धरला.

"काय झालं, भाऊजी? चक्कर येतेय?"

"मी हलक्या वजनावर बघितलं," काटेवाले म्हणाले. "पुरं वजन ठेवलं, आणि उतरवून बघितलंच नाही."

मेव्हण्याला काही कळेना. तोवर काटेवाले पुन्हा वर चढत होते, कुलूप ओढून बघायला चढावं तसे. काउंटरवर जाऊन त्यांनी पावती पुढे केली. "हे परत द्या."

मुलगी हसली. "काका, आत्ताच भरलेत."

"हो. आत्ताच परत द्या. उद्या पुन्हा भरीन."

"वर्षभर काढता येत नाहीत. पावतीच्या मागे लिहिलंय बघा."

मागे मुंगीएवढ्या अक्षरांत खरंच लिहिलेलं होतं. काटेवाल्यांनी ते डोळ्याजवळ धरून दोनदा वाचलं. मुलगी आतून साहेबांना घेऊन आली. साहेब गोड बोलले. "या ना काका, आतल्या खोलीत बसून बोलू."

इथे काटेवाल्यांनी जे केलं त्याला लोक पुढे हुशारी म्हणाले. हुशारी कसली? अनोळखी माणसाबरोबर बंद खोलीत जायची त्यांची छातीच झाली नाही. ते हॉलमध्येच, पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसले, रिकामी पेटी मांडीवर घेऊन. त्यांचे हात इतके थरथरत होते की पेटीची कडी वाजत होती, आणि त्या शांत हॉलमध्ये दुसरा आवाज नव्हता.

शेजारच्या बाईंनी विचारलं, "बरं वाटत नाही का?"

"बरं आहे," ते म्हणाले. "पैसे परत मिळतात का, ते बघतोय."

बाईंनी आपली पर्स मिटली. मागच्या रांगेतल्या एका माणसाने विचारलं, "काय म्हणाले ते?" तिसऱ्याने चौथ्याला सांगितलं. कडी वाजतच होती. मेव्हणा दाराशी मान खाली घालून उभा होता. साहेबांनी हॉलवर एक नजर फिरवली, मग काटेवाल्यांच्या हातांवर, आणि काउंटरवरच्या मुलीला खूण केली. नोटा पेटीत परत आल्या. साहेब वाकून, ओठ न हलवता म्हणाले, "पुन्हा या दारात दिसायचं नाही."

खाली रस्त्यावर आल्यावर मेव्हणा एवढंच म्हणाला, "माझी पार अब्रू घालवलीत." त्यानंतर तो वर्षभर त्यांच्या घरी आला नाही.

काटेवाले जिंकले असं कुणाला वाटत असेल तर ते चूक आहे. खरी भीती तिथून सुरू झाली. कारण कंपनी बुडाली नाही. पाच तारीख आली, लोकांना पैसे मिळाले. पुढची पाच तारीख आली, पुन्हा मिळाले. मेव्हण्याने गाडी घेतली. भिंगरीच्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांनी तिथेच पैसे घातले होते, तो मुलगा रोज उडत होता. आणि कमी पडणारे पैसे कुठून आणायचे ते ठरेना म्हणून भिंगरी चार महिने जमिनीवर होती.

काटेवाल्यांनी दुकान तारण ठेवून बँकेचं कर्ज काढलं. त्यांनी शाळेला एकरकमी पैसे दिले नाहीत. दहा तासांचे द्यायचे, दहा तास उडून झाले की पुढच्या दहाचे. शाळेच्या बाई वैतागल्या, एकदम भरले तर सवलत मिळाली असती. भिंगरी सकाळी शाळेच्याच ऑफिसात नोंदी करायची आणि दुपारी लेखी परीक्षेला बसणाऱ्यांना शिकवायची. एकदा ती भांडी विसळता विसळता, त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, तू घाबरलास म्हणून माझं वर्ष गेलं तर?"

तोच प्रश्न काटेवाले स्वतःला रोज विचारत होते. आपण शहाणपणाने वागलो की नुसते घाबरलो? आयुष्यभर ज्या भीतीने स्वतःला कोंडून घेतलं तिनेच आता लेकीचेही पंख धरले असतील तर? त्यांची भूक गेली. दुकानात वजनं पुसता पुसता ते तेच वजन तीन तीन वेळा पुसायचे.

पैसे परत आणल्यापासून चौदाव्या महिन्यात पाच तारखेला पैसे आले नाहीत. सात तारखेला दुसऱ्या मजल्याला कुलूप होतं. बातमी ऐकून काटेवाल्यांना आनंद झाला नाही. ते दुकानाच्या पायरीवर बसले. त्या हॉलमधल्या बाईंची मिटलेली पर्स त्यांना आठवली. नंतर त्यांनी ती उघडली होती की काय, कुणास ठाऊक.

मेव्हणा आला तो गाडी विकून, चालत. दुकानात स्टुलावर बसला. "तुम्हाला कळलं होतं, तर मला का नाही अडवलंत?"

"मला काही कळलं नव्हतं रे," काटेवाले म्हणाले. "मला भीती वाटली, बस. आणि मी भितो ते सगळ्यांना माहीत, म्हणून माझं ऐकतं कोण? मी तुला अडवायला हवं होतं. तुझी गाडी बघितली आणि वाटलं, चुकलो मीच."

मेव्हणा तेव्हापासून रोज दुकानात येऊन बसू लागला. जाणार कुठे? काटेवाले त्याला चहा पाजायचे आणि काटे पुसायला द्यायचे.

परीक्षांची मुदत संपायला अकरा दिवस होते तेव्हा भिंगरी शेवटचं उड्डाण करायला गेली, लांबचं, एकटीने. चारपर्यंत उतरायची होती. सव्वाचार झाले. साडेचार झाले. दुकानात काटेवाल्यांनी फोन टेबलावर ठेवला, उचलला, चालू आहे का बघितला, पुन्हा ठेवला. बाहेर ढग अजिबात नव्हते, त्याचीही त्यांना भीती वाटली. पावणेपाचला त्यांचे हात थरथरायला लागले आणि पेटीवर टेकलेल्या हाताखाली कडी वाजू लागली.

मेव्हण्याने तो आवाज ओळखला. त्याने काटेवाल्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि घट्ट धरून ठेवला.

चार वाजून त्रेपन्न मिनिटांनी फोन उजळला. काटेवाल्यांना बघवेना. त्यांनी डोळे मिटून विचारलं, "काय आहे?"

मेव्हण्याने वाचलं. मग पुन्हा वाचलं, कारण या माणसाला एकदा वाचलेलं चालत नाही हे त्याला आता माहीत होतं.

"शून्य," तो म्हणाला. "भाऊजी, शून्य आहे."