फिटलेला शुक्रवार

डोळखांबच्या बाजूला आमच्याकडे शुक्रवारी लाइट जाते. दुरुस्तीसाठी जाते, दिवसभर जाते, आणि कुणी कुरकुर करत नाही. दळण गुरुवारीच उरकतात. पण गावाचा एक अलिखित न्यायही आहे: आठवड्यात मधेच एखादा दिवस लाइट गेली, की शुक्रवार फिटला. त्या आठवड्यात ती बुधवारी गेली होती.

मी पुण्याच्या एका कंपनीसाठी घरात बसून सॉफ्टवेअर लिहायचो. त्या शुक्रवारपर्यंत तरी. बायको इथल्या उपकेंद्रात नर्स, तिला गाव सोडता येत नाही. म्हणून घरून कामाची परवानगी मी नाकदुऱ्या काढून मिळवलेली, तीही तात्पुरती. शुक्रवारी तीनला डेमो. नीट झाला तर परवानगी कायम, नाहीतर पुणे.

कंपनीचा लॅपटॉप मी तोऱ्यात नाकारला होता. आपण पडलो लिनक्सवाले, विंडोजला हात न लावणारे. माझ्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली, वायर काढली की तोही मरतो. पण घरात इन्व्हर्टर होता. होता म्हणजे, बुधवारी देवळातल्या सप्ताहाचा माईक बंद पडला तेव्हा मीच उदारपणे तो तिकडे धाडला. शुक्रवार फिटलाच होता ना.

सकाळी तालीम म्हणून लॅपटॉपवरून कॉल लावला, तर माझा आवाजच जाईना. फोरमवर कुणीतरी लिहिलं होतं की नव्या कर्नलमध्ये हे सुधारलंय. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. भातासारखे लिनक्सचेही वाण असतात, आणि माझ्या वाणात जुना गाभा उपटून मग नवा लावतात. लावणी अर्ध्यात राहिली तर शेत मोकळं.

बायको ड्युटीवर निघता निघता म्हणाली, "आज त्याला हात लावू नका. बोलायचं तर फोनवरून बोला."

तेवढ्यानं भागलं असतं. मलाही ते कळत होतं. पण लिनक्सवाल्यानं फोनवरून बोलायचं म्हणजे नाक कापून घ्यायचं. खात्रीसाठी आळीतल्या वायरमनदादांना विचारलं.

"बुधवारचा दिवस खाल्ला ना," ते म्हणाले, "आज नाय जायची. बिनधास्त काम करा."

अपडेट सुरू केलं. ओळी सरकू लागल्या. बाहेर पान हलत नव्हतं. खिडकीतून पाहतो तर समोरच्या विजेच्या डीपीपाशी जीप थांबलेली. कोयते घेऊन माणसं उतरली, मागून वायरमनदादा. त्यांनी तारांवर आलेल्या फांद्यांकडे पाहिलं आणि सावकाश हातमोजे चढवले. पडद्यावर जुना गाभा काढल्याची ओळ आली. मी अनवाणी धावलो.

"दादा, जरा थांबा. माझं अर्ध्यात आहे."

"मी बोललो खरा," ते म्हणाले, "पन फांद्या तोडायला पोरं आलीत. मी काय करू?" आणि त्यांनी डीपीचा दांडा खाली ओढला.

घरात पंखा गरगरत थांबत होता. पडदा काळा. देवळातलं भजन मात्र जोरात चालू. माझा इन्व्हर्टर चोख काम करत होता. तो मागून आणून उपयोग नव्हता, लॅपटॉपला उठायला गाभाच उरला नव्हता. लिहिलेलं काम आत शाबूत होतं, पण कंपनीच्या सर्व्हरवर पाठवायचं मी संध्याकाळवर टाकलेलं. शहापूरला जाऊन दुसरा कॉम्प्युटर शोधेपर्यंत तीन वाजून गेले असते.

तीनला गच्चीवर जाऊन फोन लावला. या वेळी माझा आवाज स्वच्छ गेला. कंपनीतल्या मॅडम रागावल्या असत्या तर मी चार थापा मारून सावरलं असतं. त्या फार मायेनं बोलल्या.

"तुमचा दोष नाही हो. गावाकडच्या अडचणी आम्हाला समजतात. सोमवारपासून इथेच बसा."

संध्याकाळी बायको आली. मी जीप, दांडा, माझी अनवाणी धाव सगळं रंगवून सांगितलं. ती हसली नाही. हात धुतले, माळ्यावरची मोठी बॅग काढली, धूळ पुसली. मी म्हटलं, थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे, लहान बॅग पुरेल.

मोठ्या बॅगेची चेन ती पुढे-मागे ओढून बघत होती, किती टिकेल म्हणून.