हललेला चेहरा

श्रावण रामटेकेच्या बापाचा एकही फोटो नव्हता. बाप जंगलात कूपावर, तोडीला काढलेल्या पट्ट्यात, लाकडं तोडायचा. तो मेला तेव्हा भिंतीवर लावायला काहीच नाही, म्हणून आईनं त्याची टोपी खिळ्याला टांगली. पुढं कित्येक वर्षं घरात हार पडायचा तो टोपीला. कुणी विचारलं की श्रावण म्हणायचा, "म्हणूनच तं या धंद्यात आलो." हे तो इतक्यांदा बोलला होता की त्यातलं दुखणं केव्हाच निघून गेलं होतं.

धंदा तो चंद्रपूरला बापूरावांच्या स्टुडिओत शिकला. बापूरावांचे दोन नियम होते. निगेटिव्ह नुसत्या डोळ्यांनी वाचता आली पाहिजे, कारण बघण्यापुरती प्रिंट काढणं म्हणजे कागदाची नासाडी. आणि हललेला चेहरा फोटोत ठेवायचा नाही. लग्नाच्या फोटोत कुणी ऐनवेळी मान फिरवली, तर त्याची आकृती ब्लेडच्या कोपऱ्यानं निगेटिव्हवरून खरवडून काढायची. खरवडलेली जागा छापताना काळीभोर येते आणि मांडवाच्या अंधारात मिसळून जाते. या कामात श्रावणचा हात असा बसला की बापूराव म्हणाले, "लेका, तिथं माणूस होता का नाई, हे तू कळूच देत नाईस."

मग तो एटापल्लीला आला. बसस्टँडमागं एक खोली, पडद्यावर रंगवलेला तलाव, कोपऱ्यात बाबासाहेबांची तसबीर. ओळखपत्राचे फोटो, लग्नं, कधी सरकारी कार्यक्रम. पाच-सहा वर्षं अशी गेली.

शहाऐंशीच्या मे महिन्यात तो सायकलनं नदीपलीकडच्या एका गावात गेला. तेंदूपत्त्याची फळी, पानं मोजून घ्यायची जागा, लागली होती. बाया पानांचे पुडे मांडून रांगेनं बसल्या होत्या. एका मोहाच्या सावलीत मंगली नावाची बाई बसली होती, दीड वर्षाची पोर दोन्ही हातांत धरून. संध्याकाळचा उजेड तिच्या चेहऱ्यावर आडवा पडला होता. रोलमध्ये शेवटची एकच फ्रेम होती. श्रावणनं बटण दाबलं आणि त्याच क्षणी पोरीनं सगळं अंग झटकलं.

"एक फोटो आम्हाले देजो, फोटोवाले भाऊ," मंगलीचा नवरा लालसू म्हणाला. "पोरीचा एकबी नाई."

"पाणी पडायच्या आधी आणून देतो," श्रावण म्हणाला.

रोल धुतला त्याच आठवड्यात नागपूरच्या एका वर्तमानपत्रात जाहिरात आली: वृत्तछायाचित्र स्पर्धा, विषय जंगलातलं जीवन. श्रावणनं निगेटिव्ह खिडकीशी धरली. मंगलीचा चेहरा असा उतरला होता की आपल्याच हातून हे झालं यावर त्याचा विश्वास बसेना. पण मांडीवर धुराचा गोळा. ना नाक, ना डोळे.

त्यानं ब्लेड घेतलं.

"काय करून राह्यले जी?" कांतानं, त्याच्या बायकोनं, दारातून विचारलं. "त्याहीले फोटो द्याचा होता ना?"

"पोरगी हलली. चेहराच नाई तिले. दुसरा काढून देईन."

"कवा?"

"देईन म्हणलं ना!"

दीड तास तो खरवडत होता. मंगलीची बोटं राहिली, कोपरं राहिली. मधलं सगळं साफ झालं. छापल्यावर तिथं मोहाची सावलीच वाटत होती, आणि तीच प्रिंट नागपूरला गेली.

पाऊस लागला, नदीला पाणी आलं, पलीकडचा रस्ता बंद झाला. सप्टेंबरात तार आली: प्रथम पुरस्कार.

नागपूरच्या सभागृहात तो फोटो पुरुषभर उंच करून लावला होता. खाली लिहिलं होतं, 'रिकामे हात'. हे नाव श्रावणनं दिलेलं नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, या बाईनं काहीच धरलेलं नाही, आणि तरी कशी धरून बसली आहे बघा, भूक याहून वेगळी काय दाखवायची? टाळ्या वाजल्या. श्रावण व्यासपीठावर नव्या शर्टात बसला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणी सभेत खुर्ची दिली होती, तीही मधली.

एका वार्ताहरानं विचारलं, "तिच्या हातात खरोखर काहीच नव्हतं?"

सांगायला एवढीच वेळ होती.

"काईच नव्हतं," श्रावण म्हणाला.

दसऱ्यानंतर नदी उतरली. बाजाराच्या दिवशी मंगली आणि लालसू स्टुडिओच्या पायरीवर येऊन बसले. मंगलीचे हात मोकळे होते. श्रावणनं ते पाहिलं.

"पोरगी गेली," लालसूनंच सांगितलं. "ताप आला. नदी भरून होती, दवाखान्यात आणता नाई आलं. आता फोटो दे भाऊ. इले तिचं तोंड पाह्यचं हाय."

भिंतीवर सन्मानचिन्हाशेजारीच मोठी प्रिंट लावली होती. श्रावणनं ती उतरवून मंगलीच्या पुढ्यात ठेवली. दुसरं काय करावं ते त्याला सुचलं नाही. मंगलीनं स्वतःच्या चेहऱ्याकडं बघितलंही नाही. तिचं बोट हातांच्या मधल्या काळ्या जागेवर फिरत राहिलं, सुपातल्या धान्यात खडा शोधावा तसं.

"कुठी हाय?" तिनं विचारलं.

"बाई, ते हलली होती. चेहरा नोहता आला. म्हणून मी..."

"हलली तं हलली," मंगली म्हणाली. "होती तं ना?"

श्रावणनं निगेटिव्ह काढली, उजेडाकडं धरली, उलटी करून धरली. एखादं बोट, टाच, केसांची बट, काहीतरी उरलं असेल म्हणून. काम चोख होतं. त्याचा हात कधी चुकतच नसे.

लालसू बराच वेळ त्या सन्मानचिन्हाकडं बघत होता. "हे यालेच भेटलं?"

श्रावणनं मान डोलावली.

लालसू मंगलीशी त्यांच्या भाषेत काही बोलला. ती उठली. रंगवलेल्या तलावापुढच्या स्टुलावर जाऊन बसली आणि दोन्ही हात फोटोतल्यासारखे धरले. कोपरं तशीच, बोटं तशीच.

"काढ आता," लालसू म्हणाला. "आता खरंच काई नाई हातात. खरवडाचंबी काम नाई."

बाहेर बाजारात कुणी कोंबड्याचा भाव ओरडत होता. मंगलीनं कॅमेऱ्यात रोखून बघितलं, पापणी न हलवता. श्रावणच्या ध्यानात आलं, आपला हात सवयीनं लेन्सची टोपी काढून मोकळा झाला आहे, आणि उजेड चांगला आहे.