ज्याचे त्याचे अक्षर

"काय आणलंस?"

दारात उभ्या राहून बाई प्रत्येक मुलाला हेच विचारत. मूल डबा दाखवत नसे, पाटीही नाही. छाती पुढे काढून "म!" किंवा "र!" असे ओरडे आणि आत शिरे. हजेरीच्या अनेक तऱ्हा तुम्हीही पाहिल्या असतील. ही मी त्यांच्याकडेच पाहिली.

सणसरच्या पुढे, कालव्याकाठच्या एका वस्तीवर, समाजमंदिराच्या खोलीत त्यांची बालवाडी भरत असे. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर अशा बालवाड्या चालवणाऱ्या एका संस्थेत मी पर्यवेक्षिका होते आणि बारामतीहून एसटीने तेथे जात असे. बालशिक्षणाची पदविका माझ्याकडे होती. चार लोकांत तोंड उघडण्याचे धैर्य मात्र नव्हते. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या. सारी वस्ती त्यांना बाई म्हणे, म्हणून मीही म्हणत असे.

त्यांचा नियम सोपा होता. मुलाच्या नावाचे पहिले अक्षर त्या मुलाच्या मालकीचे. मंगलचा म, रियाजचा र. ज्याचे अक्षर त्याने ते खडूने फरशीवर काढून इतरांना शिकवायचे, आणि कोणी वाकडे काढले तर हक्काने भांडायचे. "बाई, ह्यानं माझ्या मचं पोट फाडलं!" अशी तक्रार रोज येई. मूल आले नाही, तर त्या दिवशी त्याचे अक्षर कोणी काढायचे नाही, उच्चारायचेही नाही.

"मालक घरी न्हाय, तर जिनसाला हात लावायचा न्हाय," असे त्या बजावत. दुसऱ्या दिवशी मालक उगवला की सारा वर्ग त्याच्याभोवती जमून ते अक्षर मागून घेई. पुस्तकांतून बालशिक्षण शिकलेल्या मला हे आधी चुकीचे वाटले, मग गमतीचे, आणि मग मी गप्प बसून पाहू लागले.

सगळ्या अक्षरांना मुले पुरत नसत. मग ठ ठकूआजीला दिलेला होता, ढ शेजारच्या ढवळ्या बैलाला. ण आणि ळ या अक्षरांनी सुरू होणारे नावच नसते. त्यांचे काय, असे मी एकदा विचारले.

"ती दोनी माझी. मागनं येनारी बी लेकरंच की, म्याडम. बाणात बसत्यात, केळ्यात बसत्यात. पुढं हुभं राहायची सवय न्हाय त्यांना. तुमच्यावानी."

माझ्या बुजरेपणावर इतक्या मायेने कोणी बोट ठेवले नव्हते.

दिवाळीनंतर ऊसतोडणीच्या टोळ्या येत आणि वर्ग फुगे. बीडकडच्या एका टोळीबरोबर झुंबर नावाचा मुलगा आला, त्या दिवशी बाईंनी मूठमूठ साखर वाटली. "गावात झ नव्हता वो कुनाकडं!"

आणि मुले वाचत होती. रस्त्यावर एसटी थांबली की बाळू, रियाज, मंगल आणि तुकाराम पाटीकडे बोट दाखवून आपापले अक्षर ओरडत, आणि चौघांचे मिळून 'बारामती' तयार होई. हे मी माझ्या कानांनी ऐकले होते. म्हणूनच पुढचे लिहिणे जड जाते.

एप्रिलमध्ये पुण्याहून एक अधिकारी तपासणीसाठी आले. टोळ्या परत गेल्या होत्या, वस्तीवर गोवराची साथ होती. साहेबांनी तुकारामला उभे केले.

"म्हण बाळ, क, ख, ग."

"क, ख, ग, च..."

"घ कुठे गेला?"

"त्येला गोवर आलाय."

साहेबांच्या भुवया वर गेल्या. "बरं. पुढे?"

"च, छ, ज, ट..."

"अरे, झ?"

"बीडला गेला. दिवाळीनंतर येतोय."

"ट, ठ, ड... आणि ढ?"

"इकला, सायेब. परवाच्या बाजारात."

मुले हसली नाहीत; ढवळ्या गेल्याचे त्यांना खरेच वाईट वाटत होते. साहेब मात्र मोठ्याने हसले. बाई पुढे झाल्या. "सायेब, त्याचं आसं हाय..."

"तुम्ही थांबा, बाई. मी मॅडमना विचारतोय. ह्यांना साधी मुळाक्षरे येत नाहीत?"

बाई माझ्याकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. "सांगा की, म्याडम. तुमाला तर समदं म्हाईत हाय."

दोन वाक्ये पुरली असती. ती माझ्या ओठांवर होतीही. पण बैलाच्या मालकीचा ढ इतक्या शिकलेल्या माणसाला कसा समजावायचा हे सुचेना, आणि समजावता समजावता ते हसू आपल्याकडे वळेल, याची भीती वाटली. मी घड्याळ पाहिले आणि म्हणाले, "साहेब, पुढची गाडी साडेतीनची आहे."

जूनपासून तेथे प्रशिक्षित शिक्षिका नेमायची, असे पंधरा दिवसांत ठरले. बाईंना द्यायचे पत्र मला लिहायला सांगितले, कारण माझे अक्षर चांगले होते. सुट्टी लागायच्या दिवशी मीच ते घेऊन गेले.

मुले घरी जाईपर्यंत त्यांनी पाकीट उघडले नाही. मग दाराशी उजेडात जाऊन, ओळीखाली बोट फिरवत, सावकाश वाचले. 'आपल्या सेवेबद्दल संस्था आभारी आहे' येथे बोट थांबले.

"अक्षर सुरेख हाय. तुमचंच ना?"

"हो."

"वाटलंच." त्यांनी पत्राची घडी घातली. "नव्या बाईंना येवढं सांगा, मंगलवर कुनी वरडलं की ती चड्डीत मुतती. हळू बोला म्हणावं."

पुढे त्या लेकीकडे नरसिंहपूरला गेल्याचे कळले. तिकडची एसटी मी अनेकदा उभी असलेली पाहिली. चढले कधीच नाही. त्यामुळे त्यांचे शेवटचे दर्शन माझ्यापाशी त्या दुपारचेच उरले आहे.

त्यांनी खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. "कुलूप वर उचलून दाबा, तवा बसतंय," म्हणाल्या आणि कालव्याच्या वाटेने चालू लागल्या. मी कुलूप उचलले, दाबले. ते बसेना. त्या अजून हाकेच्या अंतरावर होत्या. हाक मारली असती तर परत आल्या असत्या, काही न विचारता कुलूप लावून दिले असते, आणि मलाही कदाचित बोलता आले असते. उघडे कुलूप हातात धरून, वळणावरच्या बाभळींआड त्या दिसेनाशा होईपर्यंत, मी तशीच उभी राहिले.