टेबल कोण हलवतंय?

बारीककाका अंगाने चांगले आडवे होते. नाव पडलं ते कामावरून. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणारा हा माणूस तिळापेक्षा लहान स्क्रू चिमट्यात धरून पहिल्या खेपेला जागेवर बसवतो, असं अख्खी गल्ली सांगायची. काका स्वतःही सांगायचे, जरा जास्तच वेळा.

पण वर्षभरापासून स्क्रू ऐकेनात. चिमट्यातून उडायचे आणि टेबलाखाली गडप व्हायचे. काकांनी सगळं खापर ट्रामवर फोडलं. ट्राम चौकापर्यंतच यायची आणि तिथूनच माघारी फिरायची. "एवढ्या लांबून माझं टेबल हलवते," काका म्हणायचे, "दारावरून गेली तर भिंतीवरची घड्याळं गळ्यात पडतील!"

आणि नगरपालिकेने नेमकं तेच ठरवलं. रूळ चौकातून पुढे याच गल्लीत आणायचे. दुकानदारांकडून लेखी मत मागवलं, तेव्हा काकांनी तीन पानी हरकत ठोकून दिली. तिच्याखाली निम्म्या गल्लीने सह्या केल्या, अर्थातच न वाचता.

नवल म्हणजे नगरपालिकेने ती वाचली. एक इंजिनिअर मुलगी आली, टेबलाच्या कोपऱ्यावर हादरे मोजणारं, छोट्या पडद्याचं यंत्र बसवून म्हणाली, "आठ दिवस राहू दे. तुम्ही रोजच्यासारखं काम करा."

"आता कळेल त्यांना," काका बायकोला म्हणाले. काकू पुढच्या काउंटरवर घड्याळांचे पट्टे लावत होत्या. त्यांनी पुढचा पट्टा उचलला.

नवव्या दिवशी मुलीने यंत्राच्या आलेखाचा लांबलचक कागद टेबलावर पसरला. ती स्वतःच बुचकळ्यात पडलेली दिसत होती.

"काका, चौकात दर आठ मिनिटांनी ट्राम येते. पण इथे दर आठ मिनिटांनी काहीच होत नाही."

"मग हे डोंगर कसले काढलेत?"

"तेच कळत नाहीये. दहाला सुरू होतात, एकला थांबतात. पुन्हा चार ते सात. सोमवारी तर सगळं सपाट."

"सोमवारी दुकान बंद असतं."

"ट्राम चालू असते ना पण."

काकांचं डोकं चालेना. यंत्र बिघडलं असेल? ते म्हणे नवंकोरं. शेजारच्या छापखान्याचा हादरा? पण छापखाना सोमवारीही धडधडतो. काकांनी विचार करत हात टेबलावर टेकवला. पडद्यावरची रेघ नाचायला लागली. हात उचलला, रेघ झोपली. पुन्हा टेकवला. पुन्हा नाचली. मुलीने हळूच नजर वळवली आणि भिंतीवरची घड्याळं बघत बसली.

काकांनी हात डोळ्यांसमोर धरला. आपलाच हात त्यांना परक्या माणसाचा वाटला.

काकूंनी गल्ल्याखालच्या खणातून एक काडेपेटी काढून पुढे ठेवली. आत स्क्रूच स्क्रू होते.

"रोज संध्याकाळी टेबलाखाली चुंबक फिरवते," त्या म्हणाल्या.

"चुंबकाला लागलेला स्क्रू घड्याळात चालत नाही," काका सवयीने म्हणाले.

"माहीत आहे. म्हणून तर परत दिले नाहीत."

"म्हणजे तुला ठाऊक होतं? आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही ट्रामला शिव्या देत होतात. मला वाटलं, देऊ देत. तिचं काय जातंय?"

काका काडेपेटीतले स्क्रू बोटाने चाळत राहिले. मग मुलीला म्हणाले, "माझी हरकत मागे घेता येईल?"

मुलगी पुरती गोंधळली. "येईल की. पण लगेच कशाला? टेबल ट्राम हलवत नाही, एवढंच मी म्हणतेय."

"म्हणूनच तर. येऊ दे तिला, अगदी दाराला लागून जाऊ दे. दर आठ मिनिटांनी, म्हणालात ना?"

"हो."

"मग हातातून काही निसटलं, तर गिऱ्हाईक तिच्याकडे बघेल."

मुलीने पिशवीतून हरकतीऐवजी द्यायचा पाठिंब्याचा अर्ज काढून पुढे केला. काकांनी पेन उघडलं. कागद हलत होता, म्हणून काकूंनी तो दोन्ही हातांनी दाबून धरला.