ओझेला गॅटलिनची तीन उत्तरं

ओझेला गॅटलिनने पन्नाशी उलटल्यावर गिटार हातात घेतली, तेव्हा तिच्या डाव्या हाताची बोटं बधिर झालेली होती. दोष संगीताचा नव्हता, माशांचा होता. मिसिसिपी डेल्टातल्या तळ्यांमधून ट्रकने येणारा कॅटफिश डाव्या हाताने बर्फाच्या पाण्यात दाबून धरायचा आणि उजव्या हाताने सुरी फिरवायची, यात तिची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. डॉक्टर म्हणाले, हाताला आराम द्या. मासे साफ करायच्या कारखान्याने दिला. तिला दुसऱ्या टेबलावर नेलं. तिथले मासे जरा लहान होते.

गिटारही तिची नव्हती. ती ब्रदर एनिस मॅकअडू यांची. सायप्रस बेंडच्या चर्चमध्ये ‘हार्मोनायझर्स’ नावाची क्वार्टेट होती. क्वार्टेट म्हणजे चौघंजण, हे बाहेरच्यांचं गणित. यांच्यात कधीच पाचापेक्षा कमी माणसं नव्हती. तिच्यात एनिस तरुणपणापासून लीड वाजवत. लीड म्हणजे गायकाच्या दोन ओळींच्या मधल्या जागेत, एकेका तारेवर दिलेलं उत्तर. मागल्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि डावा हात कोटाच्या रिकाम्या बाहीसारखा लोंबायला लागला. त्यांच्यासारखा वाजवणारा पंचक्रोशीत दुसरा नव्हता. आता पहिलाही राहिला नाही.

आणि मुख्य गायक थेरन गॅटलिन, ओझेलाचा थोरला भाऊ. त्याच्या गळ्यात गाठ निघाली. जॅक्सनच्या डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढावी लागेल म्हणून सांगितलं आणि ताबडतोब या म्हटलं. थेरनने त्याचा अर्थ ‘ॲनिव्हर्सरीनंतर ताबडतोब’ असा लावला. ॲनिव्हर्सरी म्हणजे क्वार्टेटचा दरवर्षीचा प्रोग्रॅम. तो रविवारी, ऑपरेशन त्याच्या पुढच्या मंगळवारी. म्हणजे रविवारी जे गाईल ते शेवटचं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ज्या गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात त्या सायप्रस बेंडमध्ये बोलायची पद्धत नाही.

मंडळी चर्चच्या स्वयंपाकघरात जमली. प्रश्न गिटारचा होता.

“टुनिकाच्या कॅसिनोत एक पोरगा वाजवतो,” खर्जातला बास गाणारे डीकन हर्शेल म्हणाले. “त्याला बोलवू.”

“तो आला होता एकदा,” थेरन म्हणाला. त्याचा आवाज तेव्हाच जातं फिरवल्यासारखा येत होता. “मी गाण्याआधी उभा राहून आपल्या आईच्या मरणाची साक्ष सांगतोय, आणि हा मागून नाचाचं वाजवतोय. नको. मी नुसता गाईन.”

“नुसता? या गळ्यानं?” डीकन हर्शेल म्हणाले.

ओझेला पातेल्यात स्पॅगेटी ढवळत होती. आजवर प्रोग्रॅममध्ये तिचा वाटा एवढाच असे.

“मी वाजवीन,” ती म्हणाली.

डीकन हर्शेल हसले. “सिस्टर ओझेला, तुम्ही वाजवायला लागलात तर स्पॅगेटी कोण करणार?”

“स्पॅगेटी शनिवारीच होते.”

थेरनने तिच्याकडे पाहिलं. लहानपणी नदीत उडी मारायच्या आधी पाहायचा, तसं. “वाजव मग, पोरी,” म्हणाला.

पन्नाशी उलटलेल्या बाईला पोरी म्हणणारी माणसं गावात दोनच उरली होती. दुसरे ब्रदर एनिस. कारखान्यातून सुटली की ती त्यांच्या कारपोर्टमध्ये जायची. तिथे गाडी नव्हती. खुर्च्या, विजेच्या गिटारचा आवाज मोठा करणारा अँप आणि त्या अँपवर एक मेलेलं तुळशीएवढं झाड होतं. एनिस चांगल्या हातात काठी धरून बसत आणि गिटार तोंडाने वाजवत: “ट्वीं... डाऊ. हं, कर.” शिकवणाऱ्याला वाजवता येत नव्हतं, शिकणारीला तार कळत नव्हती. दोघांचं मिळून जेमतेम एक धड माणूस होत होतं, तेही ओढूनताणून.

“रविवारपर्यंत मला काय काय येईल?” तिने विचारलं.

“तीन उत्तरं. एक ‘हो’ म्हणणारं. एक ‘मग पुढे?’ विचारणारं. आणि एक ‘घाबरू नको, मी आहे’ म्हणणारं.”

“बस? तीनच?”

“माझा मामा तेवढ्यावर जन्मभर वाजवत होता. शेवटी म्हणायचा, त्यातलं एक जास्तच झालं.” त्यांनी काठी आपटली. “आणि एक ध्यानात ठेव. तो बोलतो तेव्हा तू गप्प. तो श्वास घेईल तेव्हा तू बोल. त्याचे शब्द तू घ्यायचे नाहीत. शब्द त्याचे.”

ती कारखान्यात माशाच्या पाठीवर तीन उत्तरं घोटायची. रबरी हातमोज्यातली बोटं बघून शेजारची बाई म्हणाली, “काय गं, त्याला गुदगुल्या करतेस का?”

खरी अडचण उत्तरांची नव्हती. सायप्रस बेंडमध्ये गायक गाणं उचलतो ते कुठल्या सुरात, हे कुणी विचारत नाही. विचारणं म्हणजे प्रार्थना चालू असताना पास्टरला थांबवून ‘कोणता देव?’ असं विचारण्यासारखं. गायकालाही ते माहीत नसतं. तोंड उघडल्यावर पाय टेकतील ती त्याची जमीन. बाकीच्यांनी त्याला तिथे शोधत जायचं. ब्रदर एनिस थेरनला एका श्वासात शोधायचे. ओझेलाला ते काही केल्या जमेना. तेव्हा तिने एक चोरटा उपाय केला. तिच्याकडे एका जुन्या ॲनिव्हर्सरीची कॅसेट होती. तिच्यात थेरनने त्याचं स्वतःचं गाणं, ‘दार लावू नका, मी वाटेत आहे’, ‘ई’ या सुरात गायलं होतं. ‘ई’मध्ये बोट न दाबता वाजणाऱ्या मोकळ्या ताराही मदतीला येतात. तिने तिन्ही उत्तरं तिथेच पक्की केली आणि थेरन तिथे येईल अशी आशा धरली.

तालमीला थेरन ‘ई’वर आला नाही. गाठ वाढली होती. त्याने गाणं बरंच खालून उचललं. ओझेला ‘ई’वर बसून राहिली. तिला दुसरं घरच नव्हतं. आणि माणसाचा गळा बिचारा कानाचं ऐकतो. थेरन दुसऱ्या ओळीला तिच्याकडे चढायला लागला, तिसऱ्या ओळीला पोचला, आणि तिथे त्याचा आवाज मधोमध फाटला. खोकल्याची उबळ बराच वेळ चालली. त्याने रुमाल तोंडाला लावला, पाहिला, घडी घातला आणि खिशात ठेवला.

“प्रभू, मदत कर रे,” मागच्या बाकावरून कुणी म्हातारी म्हणाली.

त्या चर्चमध्ये दाद द्यायचे दोनच प्रकार आहेत. चांगलं गाणाऱ्याला म्हणतात, “सावकाश, बेटा, सावकाश.” ज्याचं काही खरं नाही त्याच्यासाठी म्हणतात, “प्रभू, मदत कर रे.” दुसऱ्या दादेनंतर पुन्हा उभं राहणारे गायक थोडे.

दुसऱ्या दिवशी ब्रदर एनिसने तिला बसायलाही सांगितलं नाही.

“खेचर तो आहे. गाडी तू. गाडी खेचराला ओढायला लागली तर काय होतं?”

“मला तो सापडला नाही.”

“मग गप्प राहायचं. हरवलेला माणूस बोंबलत फिरत नाही, आधी उभा राहतो.”

“मला तारच कळत नाही, ब्रदर एनिस!” ती ओरडली. “बोट जागेवर आहे की बाजूला, हे पाहिल्याशिवाय कळत नाही. तुम्ही म्हणता शोध. कशानं शोधू? रक्त आलं त्याच्या तोंडातून, माझ्यामुळे आलं. बोलवा त्या कॅसिनोतल्या पोराला. नाहीतर नुसता गाऊ दे त्याला. मी स्पॅगेटी करते.” तिने गिटार खुर्चीत टाकली. टाकली म्हणजे ठेवलीच, दुसऱ्याची होती.

एनिसने काठीचं टोक तिच्या तोंडाकडे वळवलं.

“जबडा बधिर आहे का?”

“काय?”

“जबडा. तोंड तर चांगलं चालतंय तुझं.”

त्यांनी गिटारचं आवाजाचं बटण शून्यावर आणायला लावलं आणि तिला जबड्याचं हाड गिटारच्या लाकडावर टेकायला सांगितलं. मग तार छेडायला लावली. कारपोर्टमध्ये काहीच ऐकू आलं नाही. ओझेलाच्या कवटीत मात्र घंटा वाजली.

“आता मी गातो. बोट सरकव. जुळलं नाही तर डोक्यात थरथर होईल. थरथर थांबली की तू घरी पोचलीस. मगच बटण वर. तोवर लोकांना वाटू दे, तू प्रार्थना करतेयस.”

“तुम्ही असंच करायचात?”

“सुरुवातीची काही वर्षं. लोक मला फार भाविक समजायचे.”

ती निघाली तेव्हा ते मागून म्हणाले, “त्याचा श्वास आता पुरत नाही, पोरी. मधल्या जागा मोठ्या होणार.”

“माझ्याकडे तीनच आहेत.”

“ठाऊक आहे,” एनिस म्हणाले. याहून धीराचं त्यांना काही सुचलं नाही.

रविवारी चर्च भरलं. पांढऱ्या कपड्यांतल्या बायका हातपंखे घेऊन उभ्या होत्या. ब्रदर एनिस पहिल्या बाकावर, काठीवर हनुवटी ठेवून. थेरन उभा राहिला. साक्ष द्यायला तोंड उघडलं आणि कुजबुजला, “माझ्या आईनं मरताना... बाकीचं तुम्हाला ठाऊक आहे.” मग त्याने गाणं उचललं.

ओझेलाने बटण शून्यावर ठेवून जबडा टेकला. बोट सरकवलं. थरथर. गिटारच्या गळ्यावरच्या पट्ट्यांमधल्या पुढच्या घरात सरकवलं. थरथर. मागे आली. पुन्हा थरथर. सूर खालच्या घरात नव्हता आणि वरच्याही घरात नव्हता. थेरन दोन्हींच्या मधे उभा होता, जिथे गिटार बनवणाऱ्याने जागाच ठेवलेली नाही. पहिली ओळ संपली. मधली जागा आली आणि रिकामी गेली. दुसरी ओळ. तीही जागा रिकामी गेली. थेरनने मागे वळून पाहिलं नाही. वळून पाहण्याची रीत नाही. पण त्याच्या कोटाची पाठ तिला दिसत होती. ती पाठ ऐकत होती.

“प्रभू, मदत कर रे,” मागून आलं. या वेळी ते तिच्यासाठी होतं.

तिने खालच्या घरात तार दाबली आणि ती तशीच आडवी रेटायला सुरुवात केली. तार ताणली गेली, सूर किंचित चढला. आणखी रेटली. डोक्यातली थरथर मंदावली, मग थांबली. एवढी ताणलेली तार धरून ठेवायची म्हणजे नवख्याची बोटं आधी आगीसारखी पेटतात आणि मग सोडून देतात. ओझेलाच्या बोटांनी काहीच तक्रार केली नाही. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. तिने बटण वर केलं.

हो, गिटार म्हणाली.

थेरनची पाठ जराशी सैल झाली.

मग पुढे? तिने विचारलं, आणि तो पुढे गेला. बाकीचे ‘दार लावू नका’ म्हणत, थेरन ‘मी वाटेत आहे’ म्हणे, आणि दर खेपेला त्याच्यामागची जागा लांबत जाई. तिन्ही उत्तरं संपली, तिने ती पुन्हा पहिल्यापासून दिली. गिटारच्या गळ्यावर लाल डाग दिसले तेव्हा तिला कळलं की बोट कापलं आहे.

“सावकाश, बेटा, सावकाश!” लोक म्हणत होते.

मग ‘दार लावू नका’ झालं आणि थेरन आला नाही. तोंड उघडं होतं, मान ताणलेली होती, आवाज नव्हता. मंडळींनी ओळ पुन्हा म्हटली. आला नाही. घाबरू नको, मी आहे, ती वाजवून गेली. तिला स्वतःलाच ते खोटं वाटलं. पंखे थांबले. मग तिने ते शब्द पुन्हा थेरन गॅटलिनसाठी ऐकले, या वेळी एकाच्या नाही, सगळ्या बाकांच्या तोंडून:

“प्रभू, मदत कर रे.”

तिने ब्रदर एनिसकडे पाहिलं. शब्द त्याचे. पण तो नसेल तर कुणाचे, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. त्यांचे डोळे मिटलेले होते. काठी वर उचललेली होती आणि खाली येत नव्हती.

ओझेलाने ‘मी वाटेत आहे’ वाजवलं. थेरनचीच चाल, त्याचीच अडखळ, त्या ताणलेल्या एका तारेवर. मंडळी म्हणाली, दार लावू नका. तिने पुन्हा वाजवलं. लोक उठून उभे राहिले आणि ते शब्द गिटारच्या आवाजाखाली गायला लागले.

थेरन वळला. चालत अँपपाशी आला आणि त्यावर तळहात ठेवून उभा राहिला, चुलीवर हात शेकावा तसा. त्याचे ओठ हलत होते. गाणं थांबवायचं तर गायकाने हात वर करायचा असतो. दुसऱ्या कुणाला तो अधिकार नाही. थेरन हात वर करेना. ओझेला वाजवत राहिली. बोटातून ओघळ मनगटापर्यंत आला. तिला वाटलं, नकोच करू वर. असाच ठेव. मंगळवार उजाडायलाच नको.

शेवटी त्याने हात वर केला.

नंतर स्वयंपाकघरात ताटं वाढली: तळलेला कॅटफिश, स्पॅगेटी, कोबी. ब्रदर एनिस काठी टेकत आले. “दुसरं उत्तर घाईनं दिलंस. बुधवारी ये.”

“आता कुणासाठी शिकू?” ओझेलाने विचारलं.

ते पावाच्या टेबलाकडे गेले. चौथं उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं.

थेरन तिच्या समोर बसला होता. त्याने वाकून, उरल्यासुरल्या हवेने विचारलं, “पोरी, कुठल्या सुरात होतो गं मी?”

त्या चर्चमध्ये हे कुणी कुणाला विचारत नाही.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “तो गिटारवर नव्हता.”

त्याने मान हलवली; त्याला साधारण असंच वाटलं होतं. मग आपलं ताट तिच्याकडे सरकवलं. त्याला आता गिळवत नव्हतं. कारखान्यात लागल्यापासून ओझेलाने कॅटफिश तोंडात घातला नव्हता, हे त्याला माहीत होतं. ती रुमाल गुंडाळलेल्या हाताने ताट धरून खात राहिली, आणि थेरन पाहत राहिला, तुकडा न तुकडा संपेपर्यंत.