हवालदारांचं बिनकामाचं पळणं

पलटणीतून पेन्शनीवर आलेला आकाराम हवालदार रोज पहाटे ओढ्यापर्यंत पळत जाई आणि पळत परत येई. मेढ्याजवळच्या त्या डोंगरगावाला याचं कोडं पडलं होतं. मागं कुत्रं लागलेलं नाही, बैल सुटलेला नाही, कुठं आग नाही, मग माणूस पळतो कशाला? नांगर धरून आणि भारे वाहून लोकांची हाडं आधीच खिळखिळी झालेली. त्यात कुणी हौसेनं घाम गाळतो म्हणजे डोकं फिरलं, एवढंच त्यांना कळे. आकारामला मात्र पळताना अंगात तरणेपण आल्यासारखं वाटे, म्हणून तो पळे.

बेचाळीस सालच्या थंडीत शेजारचे आप्पासो गेले. पाठोपाठ परड्यामागची राहीबाई गेली. दोघंही आकारामच्या बरोबरीची, आणि हा गडी खडखडीत. जाणत्या भाऊसोंनी पारावर बसून निवाडा दिला.

"यम आकारामासाठीच येतोय. पर पहाटं ह्यो घरात घावत न्हाई. एवढ्या लांबनं आलेला रिकाम्या हातानं कसा जाईल? दिसंल त्याला उचलतोय."

गावाला हे लगेच पटलं. असल्या गोष्टी पटायला आपल्याकडं वेळ लागत नाही. शेजारचा धुळा हात जोडून आकारामकडं आला.

"आवं हवालदार, पळा खुशाल. पर वड्यावर हाय म्हणून दारात निरोप ठिवत जावा. आमास्नी नगा गोत्यात आणू."

आकाराम पोट धरून हसला आणि दुसऱ्या दिवशी ओढ्याच्याही पलीकडं पळून आला.

मग त्याच्या बायकोनं, हरणाबाईनं, तापानं अंथरूण धरलं. काढा पोटात ठरेना, माणूस ओळखू येईना. यमाबिमावर आकारामचा विश्वास नव्हता. पण तो ओढ्यावर गेला की घरात दिसणार कोण, तर हरणाबाई एकटी. पहाटे बूट चढवून तो उंबऱ्यापर्यंत आला आणि तिथंच बसला. लढाईतही तो एवढा भ्याला नव्हता.

"मी आकाराम. घरीच हाय," त्यानं कवायतीच्या आवाजात अंधाराला सांगितलं. सगळ्या आळीला त्या दिवशी गाढ झोप लागली.

असा तो रोज बसू लागला. गुडघे आखडले, भाकरीची चव गेली, तरी उंबरा सोडला नाही. ताप उतरल्यावर हरणाबाई भिंत धरत दारात आली. भाऊसोंचा निवाडा तिच्याही कानावर होताच.

"उठा हितनं. तुमाला न्हेलं तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?"

"आन मी उठलो तर तुला न्हेईल. तू आत जा."

ती आत गेली नाही, त्याच्याशेजारी बसली. उन्हं वर येईस्तोवर दोघं एकमेकांना उठवत होती, आणि उठत कुणीच नव्हतं.

अंगात ताकद आल्यावर एका पहाटे हरणाबाईनं पदर खोचला, पेटीचं कुलूप काढून घराच्या दाराला घातलं आणि किल्ली कनवटीला लावली.

"चला. घरात कुणीच नगं."

दोघं ओढ्याच्या वाटेला लागली. हवालदार तिच्या पावलानं हळूहळू चालत होता, आणि पळण्यापेक्षा त्याला हे लय बरं वाटत होतं.

धुळा दारात दात घासत उभा होता. त्यानं त्या बंद घराकडं बघितलं, मग स्वतःच्या उघड्या दाराकडं बघितलं. मशेरी तशीच थुंकून तो आत वळला.

"अगं, आपलं कुलूप कुठं हाय?"